सभेची हजेरी

पोपटरावांनी स्वतःच्या हातानं कपबशी पुढं केली, तसा जालिंदर सावरून बसला. दूध संस्थेच्या चेअरमनच्या बंगल्यात सोफ्यावर बसायची बापलेकीची ही पहिलीच वेळ.

“पोरीनं नाव काढलं बघ, जालिंदर,” पोपटराव म्हणाले. “शिरूरच्या कॉलेजात औंदा हिचाच प्रोजेक्ट पहिला. संस्थेचंबी नाव झालं.”

अपेक्षा आयटीच्या शेवटच्या वर्षाला होती. दूध घालायला आलेल्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्यानं ओळखायचा आणि दूध त्याच्या नावावर चढवायचं, असा तिचा प्रोजेक्ट होता. त्यासाठी महिनाभर पहाटे संस्थेत उभं राहून तिनं सभासदांचे फोटो काढले होते. परवानगी पोपटरावांनीच दिली होती. धुरपदाकाकू तर फोटोसाठी म्हणून इस्तरीचं लुगडं नेसून आल्या होत्या.

“आता आमचं एक काम कर. सत्यजीत, दाव तिला.”

पोपटरावांच्या मुलानं आपल्या मोबाइलवरचा व्हिडिओ तिच्या लॅपटॉपवर टाकला. न्हावरे फाट्याजवळच्या एका गोठ्यापुढं तीस-चाळीस माणसं जमली होती. कुणीतरी उसाच्या आडून शूटिंग केलेलं. आवाज जवळजवळ नव्हताच.

“हे काय आहे?”

“मीटिंग,” सत्यजीत म्हणाला. “आपली संस्था सोडून यवतच्या डेअरीला दूध घालायचं चाललंय. कोण कोण हुतं, एवढंच बघायचंय. हजेरी म्हण की.”

अपेक्षानं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. “आप्पा,” ती पोपटरावांना म्हणाली, “हे फक्त दूध घालताना वापरायचंय. मी लोकांना तसंच सांगितलंय.”

“लोकं कुणाची हायत?” पोपटरावांचा आवाज तसाच मऊ होता. “चहा घे आदी. गार व्हतोय.”

तिनं बापाकडं पाहिलं. जालिंदर कपातल्या चहाकडं बघत होता. तिनं बटण दाबलं.

चेहऱ्यांभोवती हिरव्या चौकटी उमटायला लागल्या. प्रत्येक चौकटीखाली नाव. सरांनी परीक्षेत टाळ्या वाजवल्या होत्या त्या याच चौकटींना.

“गोकुळनाना!” सत्यजीत पुढं झुकला. “परवा हितंच जेवून गेला की.”

“उद्या सकाळी त्याचं दूध परत करायचं,” पोपटराव म्हणाले. “फॅट लागत न्हाई म्हणून सांगायचं. पुढचा कोण?”

पुढची चौकट धुरपदाकाकूंची होती. पदर डोक्यावर असूनही मशीननं त्यांना बरोबर ओळखलं.

मग व्हिडिओतला बोलणारा माणूस समोर आला. नाकापर्यंत टॉवेल गुंडाळलेला, एक हात पाठीमागं कमरेवर टेकवलेला. सगळे त्याचं ऐकत होते. त्याच्याभोवतीची चौकट लाल झाली. खाली शब्द आला, अनोळखी.

“ह्योच म्होरक्या,” सत्यजीत म्हणाला. “कोण हाय?”

मशीनला जे कळलं नाही, ते अपेक्षाला कळलं. रात्रभर उसाला पाणी धरून आलं, की असाच हात कमरेवर टेकवून तिचा बाप दारात उभा राहायचा. शेजारी बघायचं तिनं टाळलं.

“मशीनला ओळखता येत नाही,” ती म्हणाली.

“का?”

“सभासद नसेल. फोटोच नाही याचा माझ्याकडं.”

“म्हंजी, फोटू दिला की टावेलातबी वळखंल?”

तिला पटकन खोटं सुचलं नाही. “हो,” ती म्हणाली.

पोपटरावांनी लाल चौकटीवरची नजर काढून जालिंदरकडं पाहिलं. बाहेर कुणीतरी बुलेट सुरू केली आणि बंद केली.

“जालिंदर, तुमच्यात सभासद कोण हाय रं?”

“सुवर्णा,” जालिंदर म्हणाला. “मंडळीच्या नावावर हाय.”

“मग तुझा फोटू राह्यलाच असंल.”

“व्हय. राह्यलाय.”

“घे की गं पोरी, बापाचाबी एक,” पोपटराव हसले. “आत्ताच घे.”

अपेक्षानं मोबाइल उचलला. स्क्रीनवर बापाचा चेहरा आला. ऐनवेळी हात जरासा हलला, तर फोटो पुसट येईल. पुसट फोटोवर मशीन काहीच सांगत नाही, हे त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं. तिनं मनगट सैल सोडलं.

जालिंदरनं भरलेला कप तसाच खाली ठेवला. तो कॅमेऱ्याकडं नाही, तिच्याकडं बघत होता.

“अपू,” तो म्हणाला, “हात हलवू नगं. नीट येऊ दे.”