कोरडा भाता

"होडी उलटली, वैनी. दादा बुडाला. मी पोहत आलो, त्याचा कॅमेरा तेवढा वाचवला," माझा दीर शिवदास ओल्या कपड्यांनिशी दारात रडत म्हणाला.

मी तो घडीचा कॅमेरा उघडला. पुढं आलेल्या चामडी भात्याची एकेक घडी बोटानं चाचपली. कोरडी ठणठणीत होती.

मी कॅमेरा मिटून माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवला.

वर्षानं शिवदासचं लग्न जमलं. मुलीकडच्यांना फोटो हवा होता.

"वैनी, तुमीच काढा. दादानं शिकवलंय न्हाय का तुमाला?"

भर दुपारी तो अंगणात ऐटीत उभा राहिला. कॅमेरा छातीशी धरून मी वरच्या इवल्या काचेत वाकून पाहिलं. शिवदासच्या मागं माझा नवरा उभा होता. केसांतून पाणी गळत होतं.

मी मान वर केली. उन्हात शिवदास एकटाच होता.

पुन्हा काचेत पाहिलं. नवऱ्याचा ओला हात आता भावाच्या मानेवर होता.

"वैनी, मानेला गार काय लागतंय?" शिवदास वळू लागला.

फोटो काढताना माझा नवरा नेहमी जे म्हणायचा, तेच मी म्हटलं.

"भावजी, हलू नका."