पडदाच चोरलास?

“कसला भिकार कॉम्प्युटर ठेवता हो मॅडम? दोन दिवस बटण दाबतोय, साला डोळाच उघडत नाही!” सखाहरीनं परवा क्लासमधून चोरलेला मॉनिटर रागानं टेबलावर आदळला.

वैजयंता मॅडमची कानशिलं तापली. महिनाभर घसा फोडून त्यांनी याच सखाहरीला शिकवलं होतं, की मॉनिटर म्हणजे नुसता पडदा. मेंदू असतो टेबलाखालच्या डब्यात.

“चोरी केलीस ती केलीस! पण माझा विद्यार्थी असून डबा सोडून पडदा उचललास? तालुक्यात कळलं तर माझ्या क्लासला कुत्रं तरी येईल का?”

सखाहरी मान खाली घालून दाराकडे सरकला.

“निघालास कुठं? बस पहिल्या बाकावर! फौजदार येईपर्यंत पहिला धडा पुन्हा होईल.”