कोऱ्याची कॉपी

फोटो स्टुडिओच्या मालकाने कॉम्प्युटरवाल्याची मानगूट धरून त्याचं तोंड टेबलावर आपटलं. “नवी ड्राइव्ह बसवताना ह्या फोल्डरमधलं काही जरी गेलं, तर बोटं ठेचीन! दुसरी कॉपी नाही.” स्क्रीनवर उघड्या फोल्डरमधल्या, चोरून काढलेल्या व्हिडिओंवर मुलींची नावं होती. सातवं नाव कॉम्प्युटरवाल्याच्या धाकट्या बहिणीचं होतं. दोन महिने ती खोलीबाहेर का पडत नव्हती, ते त्याला आत्ता कळलं. ओठाचं रक्त गिळून त्याने पेनड्राइव्हवरून जुनाट मशीन चालू केलं. पेनड्राइव्हमधल्या कॉपीच्या प्रोग्रामने विचारलं, कुठून कुठे कॉपी करू? त्याने मुद्दाम उलटं निवडलं: नवीकोरी ड्राइव्ह जुन्या भरलेल्या ड्राइव्हवर कॉपी केली, म्हणजे जुन्यावरचं सगळं कोऱ्याखाली पुसलं जाणार. पट्टी शंभरावर पोचली. दोन्ही ड्राइव्ह रिकाम्या बघून मालकाने त्याचा उजवा हात ड्रॉवरमध्ये कोंबून ड्रॉवर लाथेने बंद केला. हाडं कडकडली. “परत आण सगळं!” “आता नाही येत,” म्हणत त्याने डावा हातही पुढे केला.