पहिली गोळी वर जाते

हमूदची पहिली गोळी पुन्हा वर डावीकडे गेली. उरलेल्या चार मात्र कागदावरच्या काळ्या ठिपक्यात, एका बांगडीत मावतील इतक्या जवळ बसल्या.

हमूद कागद घेऊन आला तसा भिकाजीचा चेहरा खुलला. हमूदचे मामा, खल्फान अर्बाब (अर्बाब म्हणजे मालक), खजुराच्या सावलीत कॉफी पीत होते. रायफल त्यांचीच.

ओमानमधल्या या खाबुऱ्यात आता हरणं कोणी मारत नाही. शिकारीच्या रायफली वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या स्पर्धेत, कागद मारायला निघतात. अर्बाबची रायफल सेमी-ऑटोमॅटिक. असल्या बंदुकीचा नेम कधी बसायचा नाही, असं सगळं गाव छातीठोकपणे सांगायचं. गेल्या वर्षी अर्बाबच्या पाचही गोळ्या वाळूत गेल्या आणि लोक तोंडावर हसले. तेव्हा म्हाताऱ्याने भर मैदानात सांगून टाकलं होतं, "पुढच्या वर्षी चुकलो तर बंदूक खलास. पुन्हा हात लावणार नाही."

भिकाजी मूळचा लांज्याचा. अर्बाबच्या बागेशेजारी पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. पंपाच्या गॅस्केटला हव्या त्या मापाचं भोक त्याच्यासारखं पंच मारून कोणी पाडावं! बंदूक त्याने जन्मात हाताळली नव्हती. पण अर्बाबच्या अंगणात, अर्बाबच्या देखत, त्याने ती पंपासारखीच उघडली. दस्त्याचे स्क्रू सारखे आवळले. लाकूड नळीला घासत होतं, ते तासलं. बाराचा गॅस जातो त्या वाटेतली काजळी खरवडली. काडतुसं एकाच पेटीतली वापरायला लावली.

"घोडा दाबलास की लगेच सोडू नको," तो हमूदला सांगायचा. "धक्का ओसरू दे. मग नळी जरा गार होऊ दे."

फक्त पहिली गोळी काही ऐकेना.

"पहिलं काडतूस आपण हाताने भरतो, अर्बाब. बाकीची ती स्वतः हिसक्याने आत घेते. बसण्यात फरक पडतो. स्वभाव आहे तिचा. राहू दे, चार पुरे आहेत."

"राहू दे," अर्बाब हसले. "बायकोसारखी आहे. पहिलं वाक्य नेहमी वरच्या पट्टीत."

मग ते स्वतः झोपून नेम धरू लागले. दोन गोळ्या कागदाच्या कडेला लागल्या, तीन कुठे गेल्या कळलंच नाही.

भिकाजीला मात्र उलगडा झाला. काडतुसाची पेटी हात लांब करून वाचणं, कॉफी कपाबाहेर ओतणं, सगळं त्याने पाहिलेलं होतं. रायफल आता नीट होती. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते.

त्याला फार वाईट वाटलं. त्याचं अपेंडिक्स फुटलं, तेव्हा याच माणसाने स्वतः गाडी हाकत त्याला इस्पितळात नेलं होतं आणि शुद्ध येईपर्यंत तो वॉर्डाबाहेर बसून राहिला होता. सख्खा भाऊ काय वेगळं करतो? त्या माणसावर पुन्हा गाव हसणार, हे त्याला सहन होईना.

त्यानंतर अर्बाब कामासाठी म्हणून मस्कतला गेले आणि बरेच दिवस राहिले. परतले ते काळा चष्मा लावून. घरातही तो काढत नसत. सरावाचं नाव काढलं की म्हणायचे, "काडतुसं वाचव." भिकाजी काय समजायचं ते समजला.

स्पर्धेच्या सकाळी तो अंगणाच्या फाटकातून आत येतो न येतो, तोच ओसरीवरून अर्बाब आपल्या अरबी उच्चारात ओरडले, "बिकाजी, खिशाचं बटण तुटलंय तुझं! काय कोंबलंयस एवढं?"

"वर्कशॉपचंच सामान, अर्बाब. पंच, खिळे. चला, उशीर होतोय."

मैदानातली रीत अशी, की ज्याचा कागद त्याच्याच माणसाने फळीवर ठोकायचा. आणायचा मात्र परीक्षकाने. भिकाजी हातोडी घेऊन लांबवरच्या फळीपाशी गेला. चार कोपऱ्यांच्या मानाने ठोके जरा जास्तच ऐकू आले, पण त्याचं काम नेहमीच पक्कं असायचं. येताना तो घामाने भिजला होता.

अर्बाबनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि वाळूवर पालथे झाले.

काय तो म्हातारा! कोपर हललं नाही. एक गोळी, धक्का ओसरेपर्यंत घोडा दाबलेला, मग निवांत थांबणं, मग दुसरी. हसायला आलेली मंडळी दुसऱ्या गोळीलाच गप्प झाली. पाचवीनंतर कोणीतरी नकळत "माशाल्ला" म्हणालं. भिकाजीचा ऊर भरून आला.

परीक्षक फळीकडे निघाले. अर्बाब उठले, कपड्यावरची वाळू झटकली आणि भिकाजीच्या खांद्यावर हात टाकला.

"मस्कतला दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं," ते हळूच म्हणाले. "मोतीबिंदू. कोणाला सांगितलं नाही. तुला आज दाखवायचं होतं. काळा ठिपका आरशासारखा लख्ख दिसत होता, बिकाजी!"

भिकाजीच्या हातातला चष्मा वाळूत पडला.

परीक्षक कागद घेऊन आले. त्यांनी एकेका भोकावर बोट ठेवत मोजलं. अर्बाबकडे पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजलं.

"वर डावीकडे दोन. काळ्यात आठ."