आपल्या नावाची लिंक

समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट विरेशनेच बनवली होती. मुलींचे फोटो लॉगिनशिवाय दिसत नसत. तरी आज ते सोलापूरभर फिरत होते, आणि चोरलेलं लॉगिन निघालं त्याच्या बहिणीचं, दानेश्वरीचं. वडील, अप्पा, तिच्यावर खेकसले, "भलत्या लिंकवर पासवर्ड दिलाच कसा?" ती विरेशकडे वळली. "अण्णा, सुरुवातीला आपल्या मंडळाचं नाव बघ, तूच सांगितलेलंस की. बघूनच लॉगिन केलं. मग 'पासवर्ड चुकला' म्हणून तसंच पान आलं, पुन्हा टाकला." विरेशने लिंक पाहिली. सुरुवात मंडळाचीच होती. शेपटाला परका पत्ता जोडलेला. लॉगिन होताच साइट माणसाला मुकाट त्या पत्त्यावर सोडून येत होती; दुसऱ्यांदा पासवर्ड मागणारं पान तिथलंच, चोरांचं होतं. साइट बनवताना असा पत्ता तपासून अडवायची सोय करायचं त्याच्याकडूनच राहून गेलं होतं. तो बोलणार, तेवढ्यात अप्पांनी तिचा फोन त्याच्या हातात कोंबला. "तुझ्याजवळ ठेव. हिला काय कळतंय?" विरेशने फोन खिशात घातला.