अनुमोदक

प्राध्यापकांच्या सभेत भूगोलाचे सर मागच्या रांगेत बसून विद्यार्थ्यांचे नकाशे तपासत. प्राचार्यांनी ठराव वाचून “अनुमोदक कोण?” विचारलं की मान वर न करताच त्यांचा लाल पेन्सिलवाला हात वर जाई. सभा लवकर आटपावी, एवढाच हेतू. सगळे त्यांना लाडाने ‘होयबा’ म्हणत. आजही हात वर गेला आणि सगळ्या माना मागे वळल्या. विरोधाचं भाषण तयार करून आलेली त्यांची तरुण सहकारी शेजारून कळवळली, “अहो सर, आपलाच विभाग बंद करताहेत!” “मी ऐकलंच नाही... हात सवयीने गेला.” “विभागप्रमुखांचंच अनुमोदन म्हटल्यावर बोलणंच खुंटलं,” प्राचार्य म्हणाले, “पुढचा ठराव.” तिने भाषणाच्या कागदाची घडी घातली. सरांनी खाली मान घालून पुढचा नकाशा घेतला. कुणीतरी नदी समुद्रातून डोंगरावर चढवली होती. फुली मारायला मात्र त्यांचा हात उठेना.