धरा, ओढा, सोडा

पान बिनचूक झाल्याची हिरवी खूण पडद्यावर आली आणि सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. ताईंनीही वाजवल्या. खूण त्यांना दिसली नव्हती, पण पान त्यांनी ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर इतकं सुरेख पान उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मथळा कुठला, तक्त्यात काय, चित्रात कोण, पडद्यावरचं सगळं कानातल्या आवाजानं न अडखळता वाचून दाखवलं.

"बघा," नवा प्रोग्राम शिकवायला आलेला माणूस म्हणाला, "चित्राचं वर्णन लिहिल्याशिवाय हा प्रोग्राम पान पुढं जाऊच देत नाही. आता अंध माणसाचं कुठं म्हणून अडणार नाही!"

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत वेबसाइटची पानं लिहिणं हे ताईंचं काम. उद्या कुठल्या भागात पाणी नाही, टाकी कधी धुणार, कुठली नळवाहिनी फुटली, हे शहराला अकरा वर्षं त्याच सांगत होत्या. दिसत जन्मापासून नव्हतं, पण कीबोर्डवर बोटं अशी पळायची की शेजारच्या टेबलावरचा डोळस कारकून अडला की त्यांनाच विचारायचा. "तुम्ही डोळ्यांत तेल घालून काम करता," त्या त्याला चिडवायच्या, "माझं तेवढं तेल वाचतं." त्यांच्या शब्दावर अर्धं शहर बादल्या भरून ठेवायचं. कुणाजवळ बोलल्या नव्हत्या कधी, पण हे त्यांना फार आवडायचं.

"आता ज्यानं त्यानं एकेक पान करा," शिकवणारा म्हणाला. "अगदी सोपं. डावीकडचा मजकुराचा ठोकळा धरा, ओढा, पानावर सोडा."

ताईंनी कळ दाबली. "बटण," कानातला आवाज म्हणाला. पुन्हा दाबली. "बटण." पुन्हा. "बटण." कशाचं बटण, ते सांगायला मात्र कुणी त्याला शिकवलं नव्हतं. हिय्या करून त्यांनी त्यातलं एक दाबलं. काहीतरी झालं. काय झालं, ते आवाजालाही ठाऊक नव्हतं.

"अहो ताई, सगळं पुसलंत तुम्ही," कारकून हळूच म्हणाला.

ताईंनी मान वर केली. "कीबोर्डनं ओढायचं कसं?"

शिकवणारा त्यांच्या खुर्चीपाशी आला. माणूस वाईट नव्हता. वाकून त्यानं दहा-बारा कळा दाबून पाहिल्या, आणि त्याचा सुस्कारा ताईंना अगदी जवळून ऐकू आला.

"माउसच लागतो, ताई. अंध लोकांना वाचता यावं म्हणून यात खूप काही केलंय हो. पण..."

"पण ते लिहितीलही, असं कुणाला वाटलं नाही."

"पुढच्या आवृत्तीत येईल म्हणतात."

"कधी?"

"ते काही सांगत नाहीत."

"मग तोवर मी जुन्या प्रोग्रामवरच लिहीन."

"जुना आज पाचला बंद होतोय," साहेब मागून म्हणाले. "अहो, तोंड काय उतरवताय असं? नोकरी कुठं जात नाही तुमची. पानं आम्ही करू. तुम्ही नुसती ऐकायची आणि ठीक आहे म्हणायचं. उलट आरामच की!"

"आणि हिरवी खूण आली, की ऐकायचं काय उरलं?"

"काहीच नाही!" साहेब खुशीत म्हणाले. "तेच तर सांगतोय."

भांडायला समोर कुणी वाईट तरी लागतं. इथं जो तो त्यांच्या भल्याचंच बोलत होता.

त्यांनी माउस हातात घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. टेबलाच्या कडेपर्यंत नेला, परत आणला. पडद्यावर बाण कुठं आहे, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच कळत नव्हतं.

"डावीकडे, ताई. अजून थोडा. हां, आता धरा... अरेरे, निसटला." कारकून जीव तोडून सांगत होता. "पुन्हा करू या?"

पुन्हा केलं. आणि पुन्हा. ठोकळा एकदा पानाच्या बाहेर पडला, एकदा दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला. मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकून सावरलं. सातव्या खेपेला ताईंनी माउस जागेवर ठेवला. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही.

चार वाजता कारकुनानं हाक मारली. त्याचं पहिलं पान तयार झालं होतं. वेबसाइटवर कर्मचाऱ्यांची ओळख द्यायची होती, आणि पहिला मान ताईंचा, हे त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

"फोटोचं वर्णन मी लिहिलंय, ताई. शब्द न् शब्द विचार करून. ऐका तरी."

ताईंनी कळ दाबली.

"चित्र," आवाज म्हणाला. "आमच्या ताई खिडकीजवळच्या टेबलापाशी पाण्याची सूचना लिहीत आहेत. दोन्ही हात कीबोर्डवर. चेहऱ्यावर हसू."

साहेब आले, शिकवणारा आला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले.

"बरोबर आहे ना?" कारकुनानं विचारलं.

"वर्णन अगदी बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "फोटो जुना आहे."

"जुना कसा, ताई? परवाच तर काढला."